न कळता हलवलेली मान

५ फेब्रुवारी, गुरुवार
छापखाना, जेवणाची सुट्टी

वन्सं,

तुम्हाला हे संबोधन आवडत नाही. 'जुन्या ट्रंकेतून काढल्यासारखं वाटतं,' असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. म्हणून मुद्दामच लिहिलं. आठ वर्षांनी पत्र लिहिते आहे. पहिल्याच शब्दाला तुमच्या कपाळावर आठी पडली, तर तेवढीच जुनी ओळख निघेल.

घरी सगळं ठीक. तुमचा भाऊ निवृत्त झाला आणि माझी नोकरी दुप्पट झाली. दिवसभर मी छापखान्यात प्रुफं तपासत दुसऱ्यांच्या चुका काढते, संध्याकाळी घरी हे माझ्या काढतात. डब्यांची झाकणं सुद्धा आता ठरलेल्या दिशेला तोंड करून बसतात. बोलायची सोय नाही.

बुधवारची बैठक अजून चालू आहे. चष्म्याच्या दुकानावरची तीच खोली, तीन ते सहा, तोच अरुंद जिना. दोघी समोरासमोर आल्या तर अजूनही एकीला मागे फिरावं लागतं. खुर्च्या चौदा झाल्या आणि त्यातल्या दोन एकसारख्या नाहीत. खाली गिऱ्हाईक आलं की चष्मेवाली वाक्य अर्धं टाकून पळते आणि डोळे तपासून आली की नेमकी त्याच शब्दापासून पुढे सुरू होते. सुईणबाई थकल्यात, पण वादात कुणाला हार जात नाहीत. मी निघाले की हे विचारतात, "आज काय ठरवणार? पृथ्वी गोलच ठेवताय ना?" मी म्हणते, "बघू, मतदान घेऊ."

काल एक नव्या बाई आल्या. मुलींच्या वसतिगृहात देखरेखीला असतात, त्यामुळे मुलींच्या मावशी त्या आमच्याही मावशी झाल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "तुम्ही इथे नुसतं बोलता?" सुईणबाईंनी त्यांना कडीची गोष्ट सांगितली. तुम्हाला आठवते ना? एकांत म्हणजे काय, यावर आपण पाच बुधवार भांडलो होतो. एकटं असणं वेगळं, एकांत वेगळा, आणि दुसऱ्याने दिलेला एकांत हा एकांतच नव्हे, इथवर गाडी गेली होती. शेवटी सुईणबाई उठल्या आणि म्हणाल्या, म्हणजे बाळंतिणींच्या खोलीला कडी आतून हवी. महिन्याभरात दवाखान्याने ती बसवली. पाच बुधवारचं तत्त्वज्ञान आणि हाताला लागली एक कडी. पण ती कडी लावताना बाईचा चेहरा कसा होतो, ते सुईणबाईंनी हजार वेळा पाहिलंय.

मग मावशींना तुम्ही घालून दिलेला नियम समजावला. खिडकीपाशी वेताची खुर्ची. दर बुधवारी एकीने तिच्यावर बसायचं आणि तेवढ्यापुरतं अडाणी व्हायचं. कोणी काहीही मांडलं की "म्हणजे काय?" विचारायचं आणि कळेपर्यंत विचारत राहायचं. तिने मान हलवल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही आणि कुठलंही टिपण खोलीबाहेर पडत नाही. मावशी म्हणाल्या, "अडाणी व्हायला मला खुर्ची कशाला लागते?" आणि जाऊन बसल्या.

आता मुद्द्याचं. बसगाड्यांचं नवं वेळापत्रक करायला नगरपालिकेने समिती नेमली आहे. ६ मार्चला सुनावणी. पॅकिंग कारखान्याचं गेट हल्ली पावणेआठला बंद होतं. नंतर पोहोचलेल्या बाईचा अर्धा दिवस गेला म्हणून समजा. सकाळी थांब्यावर बायका ताटकळत असतात. दोन गाड्या जोडीने येतात आणि मग अर्धा तास चिटपाखरू फिरकत नाही. चष्मेवाली म्हणाली, यावर आपल्याकडे टिपण आहेच की, गणितबाईंचं. म्हणजे तुमचं. ते माझ्या खणात होतं. काल मी वाचून दाखवलं.

मावशींनी मान हलवली नाही. पुढच्या बुधवारी पुन्हा बसणार आहेत.

मागच्या वेळी, तुम्ही ते टिपण वाचलंत तेव्हा, त्या खुर्चीवर कोण होतं, ते कुणालाच नीट आठवत नाही. इतकी वर्षं झाली, कसं आठवणार.

टिपण समितीपुढे न्यायला तुमची परवानगी हवी. दोन ओळी लिहा.

तुमची,
भावजय


१२ फेब्रुवारी, गुरुवार
छापखाना

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. 'हरकत नाही. वापरा.' तीन शब्द. मी प्रुफं तपासणारी, मला मोजायची खोड आहे. ह्यांना दाखवलं, तर कार्ड उलटं करून पाहिलं, मागे आणखी काही लिहिलंय का म्हणून. मग चष्मा पुसत बसले बराच वेळ.

काल दुसरा बुधवार. मावशी काही ऐकत नाहीत. तुमच्या टिपणातलं वाक्य मी चार वेळा वाचलं: 'गाड्यांमधलं सरासरी अंतर वीस मिनिटं असलं, तरी थांब्यावरच्या बाईची वाट त्यावरून ठरत नाही.' मावशी म्हणाल्या, "म्हणजे काय? तास तोच, गाड्या त्याच तीन. मग वाट जास्त कशी होईल? मिनिटं काय वरून पडतात?"

चष्मेवालीने फळ्यावर तुमचं समीकरण लिहिलं. मावशींनी ते लक्ष देऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "हे बरोबरच असणार. गणितबाईंनी लिहिलंय. पण मला कळलेलं नाही." कुणीतरी म्हणालं, अहो, बरोबर आहे एवढं कळलं ना, मग हलवा मान. मावशी म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलंत ना, बरोबर असण्यासाठी खुर्ची नाही, कळण्यासाठी आहे म्हणून?"

सहा वाजले तरी कुणी उठेना. मला घाम फुटला होता. सुईणबाईंना वाटलं उकडतंय, त्यांनी खिडकी उघडली.

वन्सं, मागच्या पत्रात मी थाप मारली. तेव्हा खुर्चीवर कोण होतं ते मला चांगलं आठवतं. मी होते.

बाकीचं पुढच्या वेळी लिहीन. फोरमन दोनदा डोकावून गेला आहे.

भावजय


१९ फेब्रुवारी, गुरुवार
घर. आज रजा घेतली.

वन्सं,

काल जे पाहिलं ते कसं लिहू, हेच कळत नाही. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं सरळ करते आहे आणि आज माझंच एक धड उभं राहत नाही.

मावशी काल वेळेआधी आल्या. खाली दुकानात जाऊन चष्म्याच्या रिकाम्या डब्या मागून आणल्या, मोजून दहा. पदराच्या गाठीतून बटणं काढली, वीस. डब्या ओळीने मांडल्या. नऊ डब्यांत एकेक बटण टाकलं आणि उरलेली अकराच्या अकरा दहाव्या डबीत कोंबली. झाकण लागेना.

म्हणाल्या, "हे आमचं वसतिगृह. दहा खोल्या, वीस मुली. आता तपासायला साहेब आले. ते काय लिहितात? खोलीला सरासरी दोन मुली. ऐसपैस. खोटं आहे का? खोटं नाही. आता मी मुलींना विचारत जाते, बाई गं, तुझ्या खोलीत किती जणी? वीस मुलींना विचारलं तर अकरा जणी काय सांगतील? 'आम्ही अकरा आहोत, मावशी, पाय लांब करता येत नाहीत.' खोल्यांना विचारलं तर दोन. मुलींना विचारलं तर अकरा. कुणीच खोटं बोलत नाही."

मग त्या थांबल्या. स्वतःच त्या डबीकडे बघत राहिल्या. आणि हळूच म्हणाल्या, "थांब्यावरही तेच. दोन गाड्यांमध्ये दोन मिनिटं असतील, तर त्या दोन मिनिटांत थांब्यावर येऊन येऊन किती बाया येणार? एखादी. आणि मधे अडतीस मिनिटं गेली, तर सगळ्या त्याच फटीत सापडणार. ती अकराची खोली आहे. साहेब गाड्यांना विचारतात. गणितबाई बायकांना विचारतात." आणि त्यांनी मान हलवली.

वन्सं, शाळेची पायरी चौथीनंतर न चढलेली बाई, तीन आठवडे "कळलं नाही" म्हणत राहिली आणि तुमच्या समीकरणाच्या आत जाऊन बसली. चष्मेवालीने फळ्यावर आकडे घातले. दोन मिनिटं आणि अडतीस मिनिटं, सरासरी वीसच. गाड्या सारख्या अंतराने आल्या तर बाईची वाट दहा मिनिटं. जोडीने आल्या तर अठरा. एकही गाडी न वाढवता आठ मिनिटं परत मिळतात. आठ मिनिटं म्हणजे गेटच्या आत आणि गेटच्या बाहेर एवढा फरक.

मग जो काय गलका झाला! सुईणबाई ओरडल्या, "म्हणून तर! दवाखाना म्हणतो खाटेला एक बाई, आणि मी विचारेन ती म्हणते आम्ही दोघी होतो!" जिला तिला आपल्या आयुष्यातली अकराची खोली दिसायला लागली. एवढीशी खोली, खाली चष्मे विकताहेत, रस्त्यावर लोक भाजी घेऊन चाललेत, आणि वर एक विचार चौदा डोक्यांतून असा फिरत होता की त्याला हात लावावासा वाटत होता. तुम्ही हे सुरू केलंत. मला तुमच्या पायाशी बसावंसं वाटलं. खरंच सांगते. पाया पडणाऱ्यांतली मी नाही, हे तुम्ही जाणता.

म्हणूनच आता उरलेलं लिहिते.

तेव्हा तुम्ही टिपण वाचलंत आणि मी खुर्चीवर होते. दोनदा विचारलं, म्हणजे काय? दोनदा तुम्ही समीकरण मांडलंत. मला काडीचंही कळलं नाही. तिसऱ्यांदा विचारायचं जिवावर आलं. भावजय मुद्दाम अडवते, असं सगळ्यांना वाटेल अशी भीती होती. तुम्ही एवढ्या शिकलेल्या आणि मी मॅट्रिक, ते टोचत होतं. साडेपाच वाजले होते. मी मान हलवली.

याच्याखाली आणखी एक आहे. ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुमची फजिती व्हावी असं मला वाटलं नव्हतं. पण झालीच, तर मला फार वाईट वाटणार नाही, असं कुठेतरी तळाशी होतं. घरात उठता बसता तुमच्या हुशारीचं कौतुक चालायचं, त्याचा तो गाळ असेल. आहे ते आहे.

आणि झालंही तसंच. नगरपालिकेच्या तेव्हाच्या समितीत गाड्यांचे साहेब म्हणाले, "गाड्या त्याच, घड्याळ तेच. तुमच्या बायकांची मिनिटं लांब असतात का?" सभा हसली. मी जो प्रश्न गिळला होता, तोच त्यांनी विचारला आणि तो खोलीत कुणी विचारलाच नसल्यामुळे तुमच्याकडे साध्या शब्दांत उत्तर नव्हतं. तुम्ही कागदाची घडी घातलीत. घरी ह्यांनी जेवताना तेच वाक्य म्हणून दाखवलं आणि तुम्ही ताट सारून उठलात. महिन्याभरात बदली मागून घेऊन तिकडे लांब निघून गेलात. त्यानंतर, चष्मेवाली सांगते, तुम्ही कुठेही काही मांडलं नाहीत.

खोलीने तुम्हाला पाठवलं, पण खोलीचा होकार खोटा होता आणि तो माझा होता.

क्षमा मागते. मिळेलच असं नाही, हे धरून मागते.

भावजय


२ मार्च, सोमवार
छापखाना

तुमचं पत्र शनिवारी आलं. मी ते तीन वेळा वाचलं आणि मग धुणं आपटलं. शेजारची विचारायला आली, काय झालं म्हणून.

तुम्हाला माहीत होतं!

'तुला कळलं नाही, हे मला त्याच क्षणी दिसलं होतं. मी शिक्षिका आहे. न कळता हलणारी मान मी चौदा वर्षं रोज पाहत होते. मी ती घेतली, कारण मला पुढे जायची घाई होती आणि तुझ्यापाशी थांबणं कमीपणाचं वाटलं.' असं तुम्ही लिहिता. सुवाच्य अक्षरात. एकही खाडाखोड नाही.

आठ वर्षं, वन्सं! आठ वर्षं मी हे एकटीने उशाशी घेऊन निजले. बुधवारी त्या खुर्चीकडे पाठ करून बसले. आपण तुम्हाला घराबाहेर काढलं, असं धरून चालले. आणि तुम्ही तिकडे, आपण आपल्याच नियमाला फसवलं म्हणून तोंड दाखवत नव्हतात! दोघी चोर आणि दोघींना वाटतं, चोरी आपण एकटीनेच केली. मधल्या मधे तुमचा भाऊ दर राखीपौर्णिमेला दारातल्या पेटीत पत्र बघतो आणि पेटी पुन्हा लावून टाकतो. त्यांचा काय दोष? एक वाक्य बोलून हसले, एवढाच ना? ते वाक्य त्यांनी पुन्हा कधी उच्चारलेलं नाही.

मी चिडले आहे. हे पत्र चिडूनच लिहिते आहे आणि चांगल्या अक्षरात उतरवून काढणार नाही.

चिडल्यावर एक मात्र झालं. इतकी वर्षं तुम्ही मला फार उंच वाटायचात. काल संध्याकाळी माडीचा जिना चढताना लक्षात आलं, तुम्हीही बाई घाई करता, लाजता, पळून जाता. आणि तरीही ते टिपण तुम्हीच लिहिलंत. उंच असतीस तर लिहिलं असतंस, त्यात काय मोठंसं. (अगं तुगं झालं. राहू दे तसंच.)

तुम्ही लिहिता, सुनावणीला येणार नाही, तूच उभी राहा. खोलीनेही तेच ठरवलं. मावशी म्हणाल्या, "मला चारचौघांत बोलता येत नाही, तुम्हाला येतं, डब्या घेऊन जा." शुक्रवारी जाते आहे. पाचावर धारण बसली आहे.

भावजय


७ मार्च, शनिवार
घर

वन्सं,

सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी वेडी झाले आहे. चष्मेवालीला तसं वाटतंच आहे, ती कालपासून माझ्याशी बोललेली नाही.

लांबट सभागृह, मोठं टेबल, बारा सभासद. गाड्यांचे साहेब तेच, आता अध्यक्षांच्या शेजारी बसतात आणि केस पांढरे झालेत. मागे बाकांवर आपल्या नऊ जणी आणि कारखान्यातल्या वीसेक बायका. सर्वांत मागे दाराला टेकून तुमचा भाऊ. त्यांना मी परवा सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि काल इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी दारात उभे. आपल्या कुठल्याही गोष्टीला ते पहिल्यांदाच आले.

मी डब्या मांडल्या. दोन बटणं खाली घरंगळली, एका सभासदाने वाकून उचलून दिली. मावशींच्या शब्दांत सगळं सांगितलं. तुमचं नाव घेऊन सांगितलं. खोल्या, मुली, गाड्या, बायका. दहा मिनिटं आणि अठरा मिनिटं. कुणी हसलं नाही, वन्सं. एकही माणूस हसला नाही.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. चहा येऊन निवत होता. ते मान हलवत म्हणाले, "कळलं, कळलं. छान मांडलंत. सकाळच्या गाड्या जोडीने सोडायच्या नाहीत, एवढंच ना? मंजूर करून टाकू." अध्यक्षांनी पेन उचललं. मागे कारखान्याच्या बायकांत आनंदाची कुजबुज झाली. शेजारी उभ्या असलेल्या चष्मेवालीने माझा हात दाबला.

आणि मी ती मान पाहिली. ती मी ओळखते. मी आठ वर्षांपूर्वी हलवली होती तीच, तशीच, जरा जास्तच जोरात.

गप्प बसायचं होतं. काम झालं होतं. सोमवारपासून बायका वेळेवर पोहोचल्या असत्या. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, तुम्हाला कळलेलं नाही."

चष्मेवालीने असा चिमटा काढला की अजून निळं आहे. साहेब तांबडे झाले. म्हणाले, "बाई, मंजूर करतोय मी! अजून काय हवंय तुम्हाला?" मी म्हटलं, "कळायला हवंय. महिन्याने एखादा चालक तक्रार करेल, दुसरा म्हणेल पूर्वीचंच बरं होतं. गाड्या सारख्या अंतराने का सोडायच्या, हे तुम्हाला सांगता येणार नाही, आणि त्या पुन्हा जोडीने सुटू लागतील. तेव्हा आम्ही इथे नसू." मला वाटलं, आता शिपायाला सांगून बाहेर काढतात.

साहेबांनी डब्या स्वतःकडे ओढल्या. बटणं एका डबीतून दुसऱ्या डबीत टाकत बसले. पाच मिनिटं गेली असतील. एवढा मोठा अधिकारी, शंभर गाड्या ज्यांच्या एका सहीवर चालतात, भर सभेत मान खाली घालून बटणं मोजत होते. मी पाहतच राहिले. विचार करणारं माणूस इतकं देखणं दिसतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "मागची गाडी पुढच्या गाडीला चिकटून आली, तर अंतर राखायला मी तिला वाटेत थांबवून धरणार. पण तिच्यात आधीच लोक बसलेत. तेही थांबणार. त्यांची वाट तुम्ही यात कुठे धरली आहे?"

वन्सं, मागून मावशींचा आवाज आला, "अगं बाई, खरंच की!" कारखान्यातली एक म्हणाली, मी त्याच गाडीत असते, मला धरा. सुईणबाई उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. सबंध सभागृह, खुर्चीतले आणि बाकांवरचे, एकाच प्रश्नाकडे बघत होतं. आपली खोली एकाएकी एवढी मोठी झाली होती.

आणि उत्तर मला येत नव्हतं. टिपणात ते नाही. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. सर्वांसमोर म्हटलं, "मला येत नाही. ज्यांनी हे लिहिलं त्यांना विचारावं लागेल."

अध्यक्षांनी दोन आठवडे दिले. सुनावणी २० तारखेला. तोवर मंजुरी नाही. सोमवारी त्या बायका पुन्हा धावणार आणि काहींवर गेट बंद होणार, ते माझ्यामुळे. बाहेर पडताना त्यांतल्या एकीने मला विचारलं, "ताई, होत आलेलं होतं ना हो?" मी हो म्हटलं. ती डबा काखेत घेऊन निघून गेली. रात्रभर तिचाच चेहरा दिसला.

जिन्यात साहेब भेटले. म्हणाले, "त्या बाई हल्ली कुठे असतात? मागे मी त्यांना हसलो होतो. मलाच कळलं नव्हतं, म्हणून हसलो." मी तुमच्या गावाचं नाव सांगितलं. त्यांनी खिशातल्या वहीत लिहून घेतलं. आज सकाळपासून तुमचा भाऊ माडीवरची खोली झाडतो आहे. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

तुमची टिपणं काढून बसले आहे. साहेबांचा प्रश्न वरती लिहिला आणि खाली तुमचं समीकरण. दुपारपासून पाहते आहे. गाडीत बसलेल्या बाईची मिनिटं आणि थांब्यावरच्या बाईची मिनिटं एकाच बेरजेत घ्यायची, की वेगवेगळी? मला कळलेलं नाही, वन्सं. तुम्ही या आणि मला समजावून सांगा. कितीही वेळ लागला तरी मी विचारत राहणार आहे.

भावजय